हलकं वजन

बदलापूर,
मंगळवार, १ फेब्रुवारी १९५५

चि. शरदचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड ऑक्टोबरात आलं आणि आज फेब्रुवारी उजाडला. इतके दिवस उत्तर दिलं नाही, त्याची क्षमा माग. म्हणजे मी मागते. बघ, पहिल्याच ओळीत हात अडखळला. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते. पण याच चार महिन्यांत मी मावशीला तीन पत्रं लिहिली, आणि कॉलेजातल्या एका मैत्रिणीला तिच्या मुलीच्या लग्नाबद्दल सविस्तर पानभर. व्यापाचं कारण टिकत नाही.

तू एकच ओळ लिहिली होतीस. "घोडी मुलांना आवडते का?" साडेतीन वर्षांनी भावाचं अक्षर दिसावं आणि त्यात एवढंच असावं, याचा आधी राग आला, मग रागाची लाज वाटली. अण्णांच्या तेराव्याला मी तुला काय म्हणाले ते तू विसरला नसशीलच. पंक्तीत सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या हातांना घोड्यांचा वास येतो, दुसऱ्या पानावर बस." तू पानावरून उठलास तो गेलास. घोड्यांच्या डॉक्टरच्या हातांना दुसरा कसला वास येणार? मला तेव्हा हा प्रश्न सुचला नाही.

तर उत्तर असं: घोडी आवडते. मुलं तिला म्हातारी म्हणतात. तिचं शर्यतीतलं इंग्रजी नाव तिला सांभाळणाऱ्या बुधाजीने सांगितलं होतं, पण तोच ते दर वेळी वेगळं सांगतो. पायाची शीर गेलेल्या घोडीला गोळी न घालता तू चामटोलीच्या कुरणावर पाठवायला लावलंस, हेही त्यानेच सांगितलं. दर रविवारी सकाळी तो तिला चालवत इथे आणतो. आमच्या आरोग्यधामातली क्षयाची मुलं, सध्या एकवीस आहेत, हवेसाठी व्हरांड्यात खाटांवर असतात. घोडी कठड्यावरून मान आत घालते आणि बुधाजी एकेकाचं नाव घेऊन तिला सांगतो, "ही तुळशी. हिला आज ताप नाही. ही आवडी. हिनं रात्री खोकला केला नाही." मोतद्दार माणूस, घोड्याशी बोलायची सवय, पण मुलांना वाटतं आपली हजेरी लागते आहे. कुणाचं नाव राहिलं तर रडारड होते.

एवढंच असतं तर मी तुला नोव्हेंबरातच कळवलं असतं. पण घोडीच्या मागोमाग तिचे मालक आले. ज्यांचं मीठ तू खातोस त्यांच्याबद्दल तुलाच लिहिणं शोभत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. मुलं त्यांना टोपीवाले काका म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी खाटांची रांग पाहिली आणि रेशमी रुमालाने डोळे पुसले. ते अश्रू खरे होते. मी जवळ उभी होते. तेव्हापासून एक रविवार आड मोटारी येतात. कधी दोन, कधी चार. बिस्किटांचे डबे येतात, चावीची माकडं येतात. शर्यतीतली माणसं आहेत, मन मोठं आहे, देताना मागेपुढे पाहत नाहीत.

आणि तरी त्या मोटारींचा आवाज फाटकाशी आला की मला किळस येते. किळस हा शब्द मी जपून वापरते. आमच्या कामात थुंकीची भांडी असतात, त्यांची मला किळस येत नाही. पण मागच्या खेपेला एक बाई नाकाला रुमाल लावून खाटेपासून चार हात लांब उभ्या राहिल्या, "किती गोड, किती गोड" म्हणाल्या आणि मग शर्यतीचं पुस्तक आमची आया ठमाबाई हिच्या हातून आवडीच्या उशाशी पाठवलं. "तिला म्हणावं एका घोड्याच्या नावावर बोट ठेव, त्याच्यावर लावते." आवडीने ठेवलं. पुस्तक परत आलं तेव्हा बाईंनी ते रुमालात धरून घेतलं. आजारी मुलाचं बोट शुभ आणि श्वास अशुभ, असा काहीसा हिशोब असावा. मी ते पुस्तक हिसकावून घेतलं नाही. मी म्हणाले, "पुन्हा या."

आवडीबद्दल लिहायला हवं. नऊ वर्षांची. बारवीच्या वरच्या एका पाड्यावरची. बाप बारकू जंगलात लाकडं तोडतो. जूनमध्ये त्याने तिला खांद्यावर बसवून आणली तेव्हा ती इतकी वाळलेली होती की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली होती. इंजेक्शनं सुरू झाली, दूध, अंडी, माशाचं तेल. दिवाळीनंतर ताप गेला. काल सोमवारी तिचं वजन शेहेचाळीस पौंड झालं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढतं आहे.

येत्या रविवारी महालक्ष्मीला मोठी शर्यत आहे. टोपीवाले काका आठ मुलांना मोटारींनी नेणार, कठड्याशी बसवून शर्यत दाखवणार. डॉक्टर मीरचंदानींची अट अशी की सलग चार आठवडे वजन वाढलेलं आणि तापाशिवाय असलेलं मूलच जाईल. ते शुक्रवारी निर्वासितांच्या कॅम्प एकहून येतील आणि नावं ठरवतील. आवडीचं नाव यादीत आहे. ती महिनाभर दुसरं काही बोललेली नाही.

मुलं दुपारची उठली. उरलेलं उद्या.

बुधवार, २ फेब्रुवारी

मुंग्यांनी सांगितलं.

आज सकाळी ठमाबाई झाडत होती. ही इथल्याच आगरी घरातली, जिभेने फटकळ, हाताने मऊ. आवडीच्या खाटेच्या एका पायावरून मुंग्यांची रांग वर चाललेली तिला दिसली. तिने पोरीला उचलून शेजारच्या तुळशीच्या खाटेवर ठेवलं, गादी उलटली आणि खोळीत हात घातला.

"बाय, इकरं ये," तिने मला हाक मारली. "ये पोरीचे गादीन कोंबरी अंडी घालते का काय?"

खोळीत अंडी होती. उकडलेली, अर्धी खाल्लेली, अख्खी, काळी पडलेली. पावाचे तुकडे हिरवे झालेले. बिस्किटांचा लगदा. वास असा की ठमाबाईने पदर नाकाला लावला. एक दिवसाचं काम नव्हतं ते. त्या गादीवर ती पोर झोपत होती आणि दर सकाळी तिच्या चादरीची घडी मी स्वतः पाहत होते. वरची घडी.

"दूध कुठं ओततेस?" मी विचारलं.

उत्तर तुळशीने दिलं. "मना देते. मी नको बोलते तरी देते." तुळशीचं वजन दोन महिन्यांत सहा पौंड वाढलं आहे, आणि मी समितीच्या अहवालात तिच्यावर एक परिच्छेद लिहिला आहे.

मी आवडीजवळ बसले. रागावले नाही, इतकंच माझ्या बाजूने सांगता येईल. "का गं, खावंसं वाटत नाही का?"

"वाटते."

"मग?"

"मना हलका व्हायचाय."

मला कळलं नाही. तिने मला समजावलं, जसं मंदबुद्धीच्या माणसाला समजावतात तसं. "टोपीवाला काका बोलला ना. हलका त्योच जिकतो. बाळाकाका बी खात नाय. निस्ता चाय पितो आन् घोंगरी घेऊन पळतो. म्हून त्याला घोडा देतात. मी भारी झाली त मना कोण नेल?"

आता मला तुला मागचं सांगावं लागेल. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी टोपीवाले काका खाटांवरून फिरत होते. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पाटी असते आणि तिच्यावर सोमवारचं वजन असतं. आवडीच्या पाटीवर चव्वेचाळीस होतं. ते थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे वा! चव्वेचाळीस? हिच्यावर तर मेहेरबानीच केलीय. एवढं हलकं वजन! मंडळी, डोळे मिटून हिच्यावर लावा, हीच जिंकणार!" सगळे हसले. मीही हसले, का हसायचं ते न कळता. नंतर त्यांच्याबरोबर आलेल्या बाळा नावाच्या जॉकीने मला सांगितलं की शर्यतीत कसलेल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लादतात आणि दुबळ्याला कमी, म्हणून हलकं वजन मिळालेला घोडा नशीबवान. तुला हे सांगायला नको. क्षयाच्या मुलाच्या खाटेपाशी उभं राहून हा विनोद करता येतो, हे मात्र मला माहीत नव्हतं.

बाळा वाईट माणूस नाही. पंचविशीचा, उंचीने आमच्या मोठ्या मुलांएवढा. तो खाटेच्या कडेवर बसतो, तोंडावर रुमाल न धरता. मुलांनी विचारलं म्हणून त्याने आपण शर्यतीआधी वजन कसं उतरवतो ते करून दाखवलं होतं. घोंगडी पांघरून धावणं, लिंबाचा चहा, दोन दोन दिवस उपास. मुलं टाळ्या वाजवत होती. आवडी टाळ्या वाजवत नव्हती, ती नीट बघत होती. हे मला आज आठवतं.

आज शेवटी ती म्हणाली, "बाय, पण मी खात नाय तरी पाटीवर वाढताच हाय. कसा?"

मी तिला उत्तर दिलं नाही. तुलाही आज देत नाही.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

मंगळवारी तुला लिहिलेला शेहेचाळीस हा आकडा खोटा आहे. सोमवारी काट्यावर एक्केचाळीस पौंड होते. ते पान फाडून नवं लिहावं असं वाटलं. फाडत नाही. पाटीवर खोटं लिहिणारी बाई भावाच्या पत्रातही तेच लिहिते, हे तुला दिसू दे.

काटा जुना आहे असं म्हणण्याची सोय नाही. दिवाळीत अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका मिस्त्रीने तो उघडून, साफ करून, वजनं घालून माझ्यासमोर तपासून दिला होता.

तेरा डिसेंबरला सुरुवात झाली. सोमवार होता, मी वजनं करत होते आणि बारकू मुलीला बघायला आला. पाड्यावरून पहाटे निघून चालत आला होता. टोपलीत पळसाच्या पानात बांधलेला मध. काट्यावर पोर बसलेली आणि हा उंबऱ्याशी हात जोडून उभा. "बाय, वाढला का?" मी काटा पाहिला, पाऊण पौंड कमी होतं. मी म्हणाले, "वाढलं." तोंडातून गेलं. मग तो तिथेच उभा होता, म्हणून मी पाटीवर तसाच आकडा लिहिला. त्याला वाचता येत नाही, शरद. त्याच्यासाठी लिहायची काही गरज नव्हती. मी जे बोलले त्याला पुरावा असावा म्हणून लिहिलं.

पुढच्या सोमवारी खरा आकडा लिहायचा तर एकदम दोन पौंड उतरले असं दिसलं असतं. डॉक्टरांनी विचारलं असतं. आणि नववर्षाच्या रविवारी समिती येणार होती, मोटारी येणार होत्या. आमच्याकडची सगळी मुलं वाढतात अशी आमची ख्याती आहे. मी स्वतःला सांगितलं, ताप नाही, खोकला कमी आहे, वजन मागून येईल. आपण फक्त जरा पुढचं लिहितो आहोत. बी. ए.ला मला तर्कशास्त्रात पहिला वर्ग होता.

कारण बारकूची दया होती, की समितीची भीती, की माझ्या सुवाच्य तक्त्यात एक रेघ खाली उतरलेली मला बघवत नव्हती? रोज रोजनिशीत मी याचा छडा लावायला बसते आणि रोज जरा बऱ्यापैकी दिसणाऱ्या कारणापाशी थांबते. तिसरं कारण खरं असावं, कारण ते लिहिताना सर्वांत जास्त लाज वाटते. पण त्या लाजेतही एक ऐट आहे हे मला दिसतं. त्याचीही किळस येते.

आता हिशोब असा लागतो. ती हलकं होण्यासाठी खात नव्हती. मी तिचा आकडा चढवत होते. पाटी वाचता येण्याइतकं मीच तिला शिकवलं. अंक ओळखायला लागली तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं होतं. तिला दिसायचं की उपास करूनही आपण भारी होतोय. मग ती आणखी कमी खायची. जानेवारीत टोपीवाले काका पाटी बघून म्हणाले, "हे काय, वजन वाढवलं हिचं? आता कठीण आहे बुवा!" त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून रडली. गर्दीने दमली असेल म्हणून मी पडदा ओढला. त्या दिवसापासून दूधही तुळशीकडे जाऊ लागलं.

दोन महिने मी टोपीवाल्या काकांवर मनात आसूड ओढत होते. ते एक वाक्य बोलले. मी आठ सोमवार खडू घेऊन उभी राहिले.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टर मीरचंदानी साडेनऊला आले. सिंधमध्ये त्यांचा मोठा दवाखाना होता. आता कॅम्प एकमध्ये पत्र्याखाली बसतात आणि महिन्यातून दोनदा आमच्याकडे येतात. मराठी समजतं, बोलताना हिंदी येतं. मी त्यांना खोलीत बसवलं आणि उभ्याने सगळं सांगितलं. खरे आकडे माझ्या रोजनिशीत होते. तिथे मी खोटं लिहिलं नव्हतं. हे सांगताना मला किंचित बरं वाटलं, आणि त्यांनी ते ओळखलं.

"यानी सच आपके पास था," ते म्हणाले. "आपकी अलमारी में."

मी रोजनिशी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"दो महिने से मैं सोचता हूँ, बाई का आकडा कुछ बोलता है और छाती कुछ बोलती है. मैंने अपने कान को दोष दिया. बोला, मीरचंदानी, बूढ़ा हो गया." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मारा नहीं आपने उसको. सिर्फ पाटी पर जिंदा रखा."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग ते आवडीला बराच वेळ तपासत बसले. डाव्या बाजूला पुन्हा सुरुवात आहे. औषध बदललं, मात्रा वाढवली, पण म्हणाले की औषध हे घोड्यासारखं आहे, अंगात दाणा असेल तरच ओढतं. सहा आठवड्यांत चार पौंड चढले तर पोर हाती लागेल. नाही चढले तर... यादीतलं तिचं नाव त्यांनी स्वतःच्या पेनने खोडलं.

मी समितीला पत्र लिहिणार म्हणाले. "लिखिए," ते म्हणाले. "लेकिन पहले उसको खिलाइए. आपका प्रायश्चित्त पेट नहीं भरेगा." समितीचं पत्र मी तरी आजच टाकलं. मला इथून काढतील कदाचित. काढावं.

आवडीला मी सांगितलं की रविवारी तिला जाता येणार नाही.

"भारी झाली म्हून?"

"नाही गं. तू भारी नाहीस. पाटी चुकली होती, माझी चूक होती ती. तू खूप हलकी आहेस. एक्केचाळीस."

तिचा चेहरा उजळला. शरद, तिचा चेहरा उजळला. "मंग जाव दे ना!"

मी तिला नाना परींनी सांगितलं. हलकं होणं चांगलं नाही, आजार म्हणजे काय, वजन म्हणजे काय. ती माझ्याकडे बघत राहिली. जिने दोन महिने खोटा आकडा लिहिला तिचं आज का ऐकायचं, असं ती म्हणाली नाही. तिला म्हणता येत नसेल. रात्रीचं अंडं तिने तोंडात घेतलं आणि गालात धरून ठेवलं. ठमाबाईने गालावर बोट ठेवलं तेव्हा बाहेर काढलं.

"माकडा," ठमाबाई म्हणाली, "गालान काय माजे साटी ठेवलास?" आणि बाहेर जाऊन डोळे पुसले.

रविवार, ६ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. काल दिवसभर तिने पेज तेवढी घेतली, तीही अर्धी वाटी, आणि औषधाबरोबर ओकली.

आज नऊ वाजता मोटारी आल्या आणि सात मुलं गेली. टोप्या, रिबिनी, बिस्किटं. आवडीने हात हलवला नाही. मोटारींची धूळ खाली बसते न बसते तोच बुधाजी म्हातारीला घेऊन फाटकातून आत आला. तो आज येईल असं मला वाटलं नव्हतं. शर्यतीच्या दिवशी सगळे मोतद्दार महालक्ष्मीला असतात.

"माझी घोडी काय पळणार नाही," तो म्हणाला. "मग मी तिकडं जाऊन काय करू?"

मी त्याला कठड्याशी गाठून सगळं सांगितलं. का सांगितलं ते मला नीट माहीत नाही. समितीला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आता बहुधा रस्त्याने जाणाऱ्यालाही सांगत सुटेन. त्याने ऐकलं. घोडीला आवडीच्या खाटेपाशी आणलं, खांद्यावरचा तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती दाण्याची पिशवी, काढला आणि आवडीच्या डोळ्यांसमोर आतली बाजू बाहेर करून झटकला. एक दाणा पडला नाही.

"बघ," तो म्हणाला. "चाटून पुसून. म्हातारी झाली, पाय गेला, पण दाणा ठेवत नाही."

आवडी बघत राहिली.

"आमच्याकडं पहाटे ट्रेनर येतो ना, तो घोड्याचं तोंड बघत नाही आधी. गव्हाणीत हात घालतो. दाणा उरला असला की संपलं. कितीबी नामी घोडा असूं दे, त्याचं नाव कापायचं. नेतच नाहीत त्याला."

"का?"

"दाणा सोडला म्हणजे घोडा आजारी. आजारी घोड्याला पळवत नाहीत. पाप असतं ते."

आवडीने विचार केला. मग त्याला कैचीत पकडल्यासारखं म्हणाली, "पण काका बोलला हलका त्योच जिकतो."

"ते वरचं वजन गं बाय. जॉकी, खोगीर, शिशाच्या पट्ट्या. ते दुसऱ्याचं असतं, पाठीवर ठेवलेलं. ते हलकं असावं. घोड्याचं स्वतःचं वजन हलकं असून चालतं का? म्हातारीचं वजन किती असंल सांग."

"पन्नास?"

बुधाजी इतका हसला की घोडीने कान मागे केले. "हजार! हजाराच्या वर भरंल!"

"हजार," आवडी म्हणाली. तिला पन्नासच्या पुढे मी शिकवलेलं नाही. तिने घोडीकडे शेपटीपासून मानेपर्यंत पाहिलं. "आन् बाळाकाका?"

"बाळा जॉकी हाय. त्यानं उपास करावा, त्याला पगार मिळतो त्याचा. तू कोण? घोडा का जॉकी?"

तुळशी शेजारून कुजबुजली, "सांग ना." ठमाबाई दाराशी वाटी घेऊन उभी होती, तिने आत पाऊल टाकलं नाही.

"घोडा," आवडी म्हणाली.

तिने अर्धं अंडं खाल्लं. चावून, गिळून, तोंड उघडून बुधाजीला दाखवलं, आणि बुधाजीने घोडीला सांगितलं, "ही आवडी. हिनं आज अर्धा दाणा खाल्ला." दुसरा अर्धा गादीत गेला का ते बघायला जाऊ नये, असं मी ठरवलं. मग गेले. तो वाटीतच होता. तिने दुपारी तो मागून घेतला आणि पोटात राहिला.

शरद, बुधाजी म्हणाला ते खरं आहे का? ट्रेनर पहाटे आधी गव्हाणीत हात घालतो का? खोटं असेल तर कळवू नकोस, असं लिहिणार होते. नको. खोटं असलं तरी कळव. अशा कळवण्याची मला आता सवय करायला हवी.

संध्याकाळी मुलं परत आली, दोघं झोपलेली, एकाच्या अंगात ताप. टोपीवाले काका मोठ्या खुशीत होते. फळांची करंडी उचलून स्वतः व्हरांड्यात आले. "तुमच्या त्या हलक्या पोरीनं कमाल केली," म्हणाले. "मागल्या रविवारी तिच्या पाटीवर बेचाळीस... नव्हे, पंचेचाळीस होतं, नाही का? सकाळी ठमाबाईला विचारलं तर म्हणाली, पाटीवर आता शेहेचाळीस आहे. म्हटलं, चार आणि सहा. चौथ्या शर्यतीत सहा नंबर लावला. आला की हो! ही करंडी तिची."

मी लिहिलेला खोटा आकडा, शरद. त्यावर लावलं आणि तो जिंकला. त्यांचा चेहरा निर्मळ आनंदी होता. आवडी का आली नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे जाणून घ्यायची संधी मला मिळाली नाही. मी करंडी घेतली आणि आभार मानले. सवयीने. मग मोटार गेल्यावर आत येऊन तिच्यातली संत्री मुलांना वाटली, कारण संत्री चांगली होती.

सकाळी बुधाजी निघताना म्हातारीने कठड्यावरून मान घातली आणि तोंड माझ्या तळहातांत ठेवलं. बराच वेळ. दिवसभरात हात अनेकदा धुतले, आमच्याकडे धुवावेच लागतात. तरी आत्ता पत्रावर हात आहे आणि त्याला तो वास आहे. तुझा. तू कधी इकडे आलास तर माझ्या शेजारच्या पानावर बस. मला माफ कर असं लिहिण्याचं धाडस या पत्रात आणखी पेलणार नाही, म्हणून एवढंच.

उद्या सोमवार. उद्याचं काम एकच: आवडीला काट्यावर बसवायचं, काटा तिला स्वतः वाचू द्यायचा, आणि खडू तिच्या हातात द्यायचा.